कुस्तीचा हर्रास

माझा थोरला भाऊ दिवाळीनंतर मुलाकडे इंग्लंडला गेला आणि पौषात तिथल्या ओल्या पायरीवरून घसरून मांडीचं हाड मोडून बसला. ऑपरेशन नीट झालं, पण वैशाखापर्यंत विमानात बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आमच्या गावची जत्रा चैत्रात असते. जत्रा हुकणार हे कळल्यावर दादा दोन दिवस फोनवर कुणाशी धड बोलला नाही.

दुसऱ्या कुणाची जत्रा हुकली तर एवढं काही नसतं. पण दादा वस्ताद आहे. गावातली तालीम त्यानं उभं आयुष्य चालवली. स्वतःच्या गोठ्यातलं दूध घालून पोरं तयार केली. जत्रेतली शेवटची कुस्ती सगळ्यात मोठ्या इनामाची असते आणि तिच्यासाठी दरवर्षी बाहेरचे नामांकित पैलवान बोलावले जातात. दादाच्या तालमीतला पैलवान तिथंवर कधी पोचला नव्हता. यंदा पहिल्यांदा कमिटीनं शेवटच्या कुस्तीला आमच्या गावच्या पैलवानाचं नाव लावलं आणि समोर सोलापूरकडचा एक जबरदस्त गडी ठेवला. आमचा पैलवान माझ्या वर्गात पाचवीला होता. गणितात यथातथाच, पण वर्गाचं कपाट एकटा उचलायचा. त्याला दादानं त्या वयापासून हाताखाली घेतलेलं. आणि आता ऐन वेळी वस्ताद इंग्लंडात सोफ्यावर पाय लांब करून पडलेला.

"मला ती कुस्ती लागल तशीच बघायचीय," दादा मला म्हणाला. "निकाल कळायच्या आधी. तू कायबी कर."

मी गावच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवलं. मालक गेल्यावर दादाच्या घराला लागून दोन खोल्या बांधून राहते. कुस्तीतलं मला ओ का ठो कळत नाही, कारण मी ती कधी पाहिलेलीच नाही. आमच्याकडे बायका आखाड्याला बसत नाहीत. मी नऊ वर्षांची असताना दादाच्या मागे लागले होते, मलाही ने म्हणून. तो पंधरा वर्षांचा होता आणि नुकती मिसरूड फुटलेली, त्यामुळे फार शहाणा झाला होता. "बायकांनी बघायचं नसतं," म्हणाला आणि गेला. पण परत आल्यावर मला ओसरीवर समोर बसवून त्यानं सगळ्या कुस्त्या सांगितल्या. माझे दोन हात पुढं करायला लावले. डावा हात एक पैलवान, उजवा हात दुसरा. मग माझीच मनगटं धरून तो पकडी दाखवायचा, पिरगळायचा, आडवी पाडायचा. पुढं किती तरी वर्षं प्रत्येक जत्रेनंतर हे चालायचं. मला ते अतोनात आवडायचं आणि दादाचा रागही यायचा. दोन्ही खरं आहे.

आता इंग्लंडचं सांगते, कारण या सगळ्याची सुरुवात तिथं झाली.

सोफ्यावर पडून दादाला करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तो माझ्या भाच्याबरोबर टीव्हीवर फुटबॉल पाहायला लागला. खेळ त्याला फारसा कळला नाही. तो खेळाडूंच्या मांड्या बघायचा. "अगं, एक गोरं पोरगं हाय, लई चांगल्या मांड्या हायत. दोन वर्षं माझ्याकडं दिलं असतं तर मातीत उतरवलं असतं." असं काहीबाही तो मला रोज सांगायचा. एका शनिवारी त्याचा फोन आला तो चक्रावलेला.

"हितं मॅच इकत्यात!"

"इकत्यात म्हंजी?"

"म्हंजी टीव्हीवर दावायचा हक्क. एकाच स्पर्धेतल्या काही मॅचा एका कंपनीनं घेतल्या, काही दुसरीनं. आपल्या पोरानं एकीचे पैसे भरलेत अन आजची मॅच दुसरीकडं हाय. बसलाय डोक्याला हात लावून."

मला प्रश्न पडला की मी गप्प बसू शकत नाही. हा माझा जुना रोग आहे, घरातल्या सगळ्यांना त्याचा त्रास झालेला आहे. मॅच विकतात म्हणजे नेमकं काय विकतात? मैदान तर विकत नाहीत. खेळाडूही नाहीत, त्यांची विक्री निराळी असते म्हणे. निकालही विकता येत नाही, तो कुणीही कुणाला सांगू शकतो. मग उरतं काय? मी जुन्या हजेरीपटाच्या मागच्या पानांवर प्रश्न लिहून ठेवायला लागले आणि भाच्याला फोन करकरून भंडावून सोडलं.

भाचा बिचारा शांत आहे. त्यानं सांगितलं की तिथं कंपन्या आपापला आकडा बंद पाकिटात घालून देतात. दुसरीनं किती लिहिलंय ते कुणालाच ठाऊक नसतं. हे मला फार विचित्र वाटलं. आमच्या गावात देवळापुढं हर्रास होतो, म्हणजे लिलाव. तो सगळ्यांच्या देखत होतो, कारण अर्धी मजा कोण कुणाच्या वर बोलतो ते बघण्यातच असते. पाकिटात घातलं तर जत्रेला बैठक कशाला भरवायची?

आणखी एक गोष्ट भाच्यानं सांगितली. काही मोठे सामने असे आहेत की ते सगळ्यांना फुकट बघता यावेत म्हणून तिथल्या सरकारनं यादी केलेली आहे. ते कुणा एकाला कोंडून ठेवता येत नाहीत. हे मात्र मला पटलं. मी ते हजेरीपटात लिहून खाली दोन रेघा मारल्या.

या रेघांचा उपयोग लवकरच झाला, किंवा मला तसं वाटलं. गुढीपाडव्याच्या आधी जत्रेची बैठक भरली. दरवर्षी पाळण्याची जागा, खेळण्यांच्या दुकानांच्या जागा आणि गायरानातल्या चिंचा यांचा हर्रास होतो. यंदा त्यात कुस्त्यांचं चित्रीकरण आलं. मोबाइलवर कुस्त्या दाखवणारे दोन चॅनेलवाले आले होते, एक तलवाड्याचा, एक सिरसाळ्याचा. गेल्या वर्षी दोघांनी आखाड्यात कॅमेऱ्यांच्या तिपायांवरून धक्काबुक्की केली होती. म्हणून कमिटीनं ठरवलं की एकालाच हक्क द्यायचा, आणि बाकी कुणी आखाड्यात कॅमेराही लावायचा नाही आणि मोबाइलही वर करायचा नाही.

कमिटीतल्या निम्म्या लोकांनी माझ्या हातच्या छड्या खाल्लेल्या आहेत, त्यामुळे बैठकीत मला बसायला कुणी नाही म्हणत नाही. आता या नव्या हर्रासाच्या अटी काय, हा प्रश्न निघाला. अटी कुणालाच माहीत नव्हत्या. मग अध्यक्षांनी जुनी वही काढली आणि चिंचांच्या अटी वाचल्या. ज्याच्या नावावर सुटेल त्यानंच माल उतरवायचा. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. कधी उतरवायचा ते घेणाऱ्याच्या मर्जीवर.

"कुस्तीलाबी हेच धरू," अध्यक्ष म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या.

मीही हलवली. माझं सगळं लक्ष दोन रेघा मारलेल्या ओळीवर होतं. मी उभी राहिले आणि इंग्लंडचं उदाहरण देऊन मोठं भाषण केलं, की शेवटची कुस्ती गावाची आहे, तिच्यासाठी कुणी पैसे मागायचे नाहीत, ती सगळ्यांना फुकट दिसली पाहिजे.

"बाई, तुमचं बराबर हाय," अध्यक्ष म्हणाले. "पर इलायतंचा कायदा हितं कशापायी?"

सिरसाळ्याचा चॅनेलवाला मात्र हात जोडून म्हणाला, "बाई, मी सगळ्याच कुस्त्या फुकट दावणार हाय. तुमी काळजी करू नका." मग बोली सुरू झाली. तलवाड्याचा थोडा वेळ चढला आणि मग गप्प झाला. हर्रास सिरसाळ्याच्या नावावर सुटला. मी मान ताठ करून घरी आले आणि दादाला फोन लावला, की काम झालं, फुकट दिसणार.

"लाईव्ह दावणार का?" दादानं विचारलं.

हे मी विचारलंच नव्हतं. आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा, असं मी आयुष्यभर पोरांना ओरडून सांगत आले. आणि माझ्या भावाला जी एक गोष्ट हवी होती तीच मी वाचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिरसाळ्याच्या चॅनेलवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "लाईव्ह न्हाई बाई. आमी चार कॅमेरे लावणार, मग नीट कापून जोडून दोन-तीन रोजांनी टाकणार. जत्रंत नेट धोका देतं." तलवाड्याचा लाईव्ह दाखवणार होता, हे मला तेव्हा कळलं. मी अध्यक्षांकडे गेले. त्यांनी वही उघडून बोट ठेवलं: कधी उतरवायचा ते घेणाऱ्याच्या मर्जीवर. चिंच ज्यानं घेतली तो ती चैत्रात झोडो की वैशाखात, गावाला त्याचं काही नसतं. कुस्ती त्याच संध्याकाळी संपते, हे त्या वहीला कुठून माहीत असणार? मी चॅनेलवाल्याला विनवलं की एका माणसापुरता मला व्हिडिओ कॉल करू द्या. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "बाई, तुमाला हो म्हनलं की शंभर हात वर येत्यात. मग मी इकत काय घेतलं?" हाच प्रश्न मी भाच्याला महिनाभर विचारत होते.

दादाला सांगितलं तेव्हा तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. "दोन दिसांनी बघून काय करू?" एवढंच म्हणाला. "निकाल तर तालमीतली पोरं त्याच सांजंला सांगत्याल." मला इतकी शरम वाटली की मी दोन दिवस त्याला फोनच केला नाही.

शनिवारी त्याचाच आला. मागे रेडिओवर कुणीतरी इंग्रजीत घाईघाईनं बोलत होतं.

"अगं, गंमत ऐक. मैदान हितनं जवळ हाय. खिडकी उघडली की लोकांची आरोळी ऐकू येती. अन ती मॅच हितं टीव्हीवरच न्हाई! शनिवारी दुपारी तीनला चालू होणाऱ्या मॅचा ह्या देशात लाईव्ह दावत न्हाईत. लोकांनी घरी बसू नये, मैदानावर जावं म्हणून. बाहेरच्या देशांत दिसत्यात. म्हंजी तिकडं सिरसाळ्यात बसलेल्या माणसाला दिसल अन हितल्या माणसाला न्हाई."

"मग तू काय करतूस?"

"रेडिओ ऐकतो. एक जण बघून सांगतो. पोरगं मला मराठीत सांगतं. लई झ्याक कळतंय." मग त्यानं विचारलं, "आता मला एक सांग. आपल्या हर्रासात दावायचं इकलं. सांगायचं इकलंय का?"

मी भाच्याला फोन द्यायला लावला. तो म्हणाला की इंग्लंडात सांगायचा हक्कही वेगळा विकतात, रेडिओवाले तो पैसे देऊन घेतात. पण आमच्या गावात हे कुणाच्या डोक्यात आलेलं नव्हतं. चिंचांच्या अटींत बोलण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मला एवढा आनंद झाला की मी चहा ठेवला होता तो उतू गेला.

"मग तालमीतल्या कुठल्याबी पोराला सांगते," मी म्हणाले.

"पोरं वरडत बसत्यात, सांगत न्हाईत. तू सांग."

"मी? मी कवा बघितलीय कुस्ती?"

का बघितली नाही ते दोघांनाही माहीत होतं.

जत्रेच्या दिवशी चारच्या सुमाराला मी सुती साडी नेसून, मोबाइल कापडी पिशवीत घालून, कानात इअरफोन खुपसून, दादाला फोन लावून आखाड्याकडे निघाले. दादाकडे तेव्हा सकाळचे साडेअकरा झाले होते. माणसांच्या त्या गर्दीत मी एकटी बाई. लोक आधी बघत राहिले, मग बाजूला झाले. एकानं खुर्ची दिली. ती आखाड्याच्या पूर्वेला होती, समोर मावळतीचं ऊन थेट डोळ्यांत. पण मिळाली हेच खूप होतं, मी बसले. लाल मातीला पाणी मारलेलं होतं आणि हलगी अशी वाजत होती की छातीत घुमायची. मला हे सगळं दादाच्या तोंडून ठाऊक होतं. वास मात्र कधी कुणी सांगितला नव्हता. माती, ताक आणि लिंबू यांचा ओला वास होता तो. मी पहिल्यांदा दादाला तेच सांगितलं.

"व्हय," तो म्हणाला. "बरोबर हाय."

चॅनेलवाल्याचा एक माणूस लगेच आला. "बाई, मोबाइल बंद करा. हक्क आमचा हाय."

"मोबाइल पिशवीत हाय," मी म्हणाले. "बोलतीय ती मी. माझ्या तोंडाचा हर्रास झालाय का?"

आजूबाजूचे हसले. त्यानं सिरसाळ्याच्या चॅनेलवाल्याकडे पाहिलं, चॅनेलवाल्यानं हात हलवून सोडून दे म्हणून खूण केली. पुढचा दीड तास मी लहानसहान कुस्त्या सांगून सराव केला. सुरुवातीला मी 'एकानं दुसऱ्याला धरलं' एवढंच म्हणत होते आणि दादा ओरडत होता, "कुठं धरलं? मान का मनगट? बुड वर हाय का खाली?" तो विचारत गेला तसं मला दिसायला लागलं. बघणं हे प्रश्नांनीच होतं, हे मी वर्गात सांगायचे. त्याचा अर्थ मला त्या खुर्चीत कळला.

मग शेवटची कुस्ती पुकारली. आमच्या पैलवानानं माती कपाळाला लावली, वाकून सलामी दिली.

"दोघं उभं हायत. मानंवर हात टाकलेत."

"आपल्याचा फुडं कोनता पाय?"

"डावा."

"डावा? कावून डावा? त्याला कितींदा सांगितलं, उजवा फुडं ठेव म्हणून!"

मी सांगत गेले. सोलापूरकरानं पट काढायला पायाला हात घातला, आमच्यानं सोडवला. पुन्हा घातला, पुन्हा सोडवला. आमचा खाली बसला, त्याच्या पाठीवर दुसरा चढला. मला वाटलं संपलं, पण आमचा तसाच मातीला चिकटून राहिला आणि एकदम फिरून वर आला. लोक उभे राहिले. मीही खुर्चीवरून उठले. दादाचा श्वास मला कानात ऐकू येत होता. वीस मिनिटं झाली असतील. मग सोलापूरकरानं त्याचा हात बगलेत कोंडला, कमरेतून वळला, आणि आमच्या पैलवानाचे दोन्ही पाय मी हवेत पाहिले.

सोडवली म्हणावं, बरोबरीत सुटली म्हणावं, असं माझ्या मनात येऊन गेलं. सात समुद्रांपलीकडे पडलेल्या म्हाताऱ्याला घटकाभर तरी बरं वाटलं असतं. तो बघू शकत नव्हता. मी म्हणेन तेच त्याच्यापुरतं घडलेलं होतं.

"बोल की गं," दादा म्हणाला.

"पाठ लागली, दादा. आपल्याची."

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं."

मग तो म्हणाला, "त्याला फोन दे."

मी गर्दीतून वाट काढत गेले. पैलवान मातीनं माखलेला, मान खाली घालून उभा होता. मी इअरफोन त्याच्या कानाला लावला. दादानं त्याला आधी शाबासकी दिली, वीस मिनिटं टिकलास म्हणून, आणि मग डावा पाय पुढं ठेवल्याबद्दल असा काही फैलावर घेतला की आवाज मला बाहेर ऐकू येत होता. पैलवानानं गोंधळून आपल्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाला, "व्हय वस्ताद." वस्तादाशी कुणी वाद घालत नाही.

तिसऱ्या दिवशी सिरसाळ्याच्या चॅनेलवर कुस्ती आली, चार बाजूंनी, झकास. संध्याकाळी दादाचा फोन आला.

"बघितली. तू सांगितलीस तशीच हाय."

मला बरं वाटलं.

"पर पाय उजवा हुता. तू समोर बसून तुझ्या हाताकडचा डावा सांगितलास. पोरानं फुकट बोलणी खाल्ली."

मी कपाळावर हात मारून घेतला. पस्तीस वर्षं पोरांना डावं-उजवं शिकवलेली बाई मी. "मी आत्ता जाऊन त्याला सांगते," म्हणाले.

"मी सांगितलंय त्याला, चूक माझी म्हणून. तू ऐक. फुडल्या वर्षी असं उन्हात तोंड करून बसू नको. मावळतीच्या अंगाला बस, माझ्या शेजारी. तिथनं पाय सरळ दिसत्यात."

मला लगेच हो म्हणता आलं असतं. पण नऊ वर्षांची असल्यापासून मी त्या वाक्याची वाट पाहत होते, मग मी त्याला इतक्या स्वस्तात कशाला सोडू?

"कावून?" मी विचारलं. "बायकांनी बघायचं नसतं ना?"

"चुकलं माझं," दादा म्हणाला. "येणार का न्हाई, ते सांग."